शाळिग्रामाचा रंग



घराला रंग काढायचं ठरलं की घरातला प्रत्येक माणूस तज्ज्ञ होतो. आमच्या सूनबाई इंग्लंडात असतात, पण तिथूनही त्यांनी मत नोंदवलं. "बाबा, या वेळी तो पिवळट रंग नको. फिकट करडा काढा. आमच्या हॉलला आहे ना, 'अ‍ॅमोनाइट', तसा."

सौ. शेजारीच बसल्या होत्या. "म्हणजे राखेचा रंग? आणि तोही दिवाळीच्या तोंडावर?"

मास्तरकी संपली तरी शोधाशोध करायची सवय सुटत नाही. हा रंग फॅरो अँड बॉल नावाच्या इंग्रजी कंपनीचा. डॉर्सेट परगण्यात १९४६ साली सुरू झालेली ही कंपनी. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर अ‍ॅमोनाइट नावाचे जीवाश्म सापडतात, त्यांच्यावरून रंगाला हे नाव दिलेलं. वाचता वाचता एक गंमत कळली. आपल्या देवघरातला शाळिग्राम, ज्याच्या पोटात चक्र असतं, तोही अ‍ॅमोनाइटच! कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारा, वेटोळ्या कवचाचा प्राणी. त्याचा दगड झाला आणि तो गंडकी नदीत सापडू लागला. हे सांगितल्यावर सौ.चा राखेबद्दलचा आक्षेप बराच सौम्य झाला.

किमतीबद्दलचा माझा आक्षेप मात्र सौम्य होईना. तिकडे त्या रंगाच्या अडीच लिटरच्या डब्याला पन्नास पौंडांहून जास्त पडतात. आमचा हॉल १६ बाय १०, उंची ९ फूट. चारी भिंतींचे ४६८ चौरस फूट, त्यातून दारं-खिडक्या वजा केल्या की ३९० च्या आसपास उरतात. दोन हात द्यायचे म्हणजे तसे दोन डबे तरी हवेत. एका हॉलच्या नुसत्या रंगाचे दहा हजारांच्या वर, आणि तो इकडे आणायचा खर्च वेगळाच. पेन्शनीतल्या माणसाने फक्त नाव वाचून खूश व्हावं, अशी ही किंमत.

पण फिकट करडा म्हणजे असतं तरी काय? दुकानातलं यंत्र पाहिलंत तर कळेल. पांढऱ्या रंगाचा डबा खाली ठेवतात, वरून काळ्याचे, पिवळ्या मातीच्या रंगाचे, क्वचित लालाचे काही थेंब पडतात, मग डबा गदागदा हलवतात. झाला करडा. डब्यात जवळजवळ सगळा पांढराच. आपल्याकडच्या कंपन्यांच्या शेड कार्डात असे फिकट करडे डझनांनी आहेत आणि बहुतेक छटा स्वस्त इमल्शनमध्येही मिळतात. चार लिटरचा डबा हजार-बाराशेला पडतो.

सूनबाईंनी भिंतीचा फोटो पाठवला होता, पण फोटोवरून रंग जुळवणं व्यर्थ. कॅमेरा एक रंग दाखवतो, फोनचा पडदा दुसराच. मी कार्डावरचे तीन करडे निवडले, प्रत्येकाचा लहानसा डबा घेतला आणि कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर दोन-दोन हात दिले. भिंतीवर थेट पट्टे मारू नयेत, शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. ते कागद चार दिवस वेगवेगळ्या भिंतींवर चिकटवून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहिले.

इथे भूगोल उपयोगी पडला. डॉर्सेट साधारण ५०.८ अंश उत्तर अक्षांशावर, उलवे १९ वर. तिकडच्या मवाळ, ढगाळ उजेडात शांत दिसणारा करडा आमच्या पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या दुपारच्या उन्हात पांढराफटक दिसतो. रात्री उलटं. आपण सर्रास पांढरे एलईडी लावतो, खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेले. त्यांचा उजेड निळसर. त्यात पहिला कागद थेट दवाखान्याच्या भिंतीसारखा दिसला! तिसरा, ज्यात पिवळ्याचा अंश होता, तो तिन्ही वेळांना टिकला. तोच घेतला. तो हुबेहूब अ‍ॅमोनाइट आहे का? नसेल. पण खरा अ‍ॅमोनाइटही उलव्यात तसाच दिसला नसता.

शिवाय उलव्याला करडा शोभतोच. विमानतळासाठी इथली सुमारे ९० मीटर उंचीची टेकडी फोडून काढली. कित्येक वर्षं आमच्या खिडक्यांच्या गजांवर काळ्या पाषाणाची करडी भुकटी बसायची. विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून विमानंही उडू लागली, पण बांधकामं आहेत तोवर धूळ आहेच. भिंतीचा रंग तिच्याशी जुळता असला तर ती निदान डोळ्यांत भरत नाही. :)

आता खरा मुद्दा. सौ.ला काचबिंदू आहे. थेंब चालू आहेत, पण गेलेली नजर परत येत नाही. या आजारात रंगांतला फरक कमी जाणवतो. पांढऱ्या भिंतीतली पांढरी चौकट आणि पांढरी बटणं तिला एकजीव दिसतात. गेल्या वर्षात दोनदा खांदा चौकटीवर आपटला. इंग्लंडात इमारतींसाठी बीएस ८३०० नावाचं मानक आहे. रंग किती उजेड परत फेकतो त्याला तिथे शून्य ते शंभर अंक देतात आणि भिंत व दार यांत ३० अंकांचा तरी फरक असावा असं ते मानक सुचवतं. म्हणजे प्रश्न करडा कुठल्या कंपनीचा हा नव्हताच, त्याच्या शेजारी काय असणार हा होता. सगळ्या चौकटींना आणि दारांना गडद कॉफी रंगाचा ऑईलपेंट दिला. बटणांच्या बोर्डाभोवती रंगाऱ्याने त्याच रंगाची बोटभर पट्टी ओढली.

दुसरी गोष्ट दर्जाची. रंगातला पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा, आणि तो महाग. स्वस्त रंगात त्याची बरीच जागा खडू आणि पांढरी माती घेतात. सुकल्यावर छटा छान दिसते, पण ओल्या फडक्याने घासलं की रंग फडक्यावर उतरतो. छत आणि झोपायच्या खोल्यांना कोण हात लावतो? तिथे स्वस्त चालतो. हॉललाही तोच दिला. पण झोपायच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या बोळात सौ. भिंतीला हात लावून चालते, रात्री तर चालतेच चालते. तेवढ्या बोळाला त्याच छटेचा, धुता येणारा भारी रंग घेतला. चार पट महाग, पण लागला जेमतेम दोन लिटर.

पैसे वाचवताना एक पथ्य मात्र पाळलं. ओल आलेल्या कोपऱ्यात आधी गळती बंद केली, भिंत पूर्ण वाळू दिली, मग पुट्टी आणि प्रायमर. मजुरी रंगाहून जास्त असते, आणि ओल्या भिंतीवर अ‍ॅमोनाइटसुद्धा पहिल्या पावसातच पोपडे धरील.

बोळात सौ.च्या खांद्याच्या उंचीवर आता एक पुसटशी रेघ उमटू लागली आहे. हात रोज तिथूनच जातो ना! दर शनिवारी मी ओलं फडकं फिरवतो. रेघ जाते, रंग राहतो. चौकट लागली की तिचा हात आपोआप थांबतो. खांदा अजून एकदाही आपटलेला नाही.