जीपचं नवं काळीज

दोस्तांनो, ही गोष्ट १९९० च्या सुमाराची. लाखांदूरला मामांच्या अंगणात एक जुनी जीप उभी असायची. जीपची गंमत ठाऊक आहे? १९४० च्या दशकाच्या शेवटी महिंद्र कंपनीनं अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. म्हणजे आपल्याकडे जीप बनू लागली तीच जोडकामातून!

मामांच्या जीपचं पेट्रोल इंजिन थकलं होतं. आरटीओची रीतसर परवानगी काढून त्यांनी डिझेल इंजिन बसवायचं ठरवलं. नवं इंजिन चांगलंच जड. जीपचं नाक खाली झुकलं, म्हणून मिस्त्रींनी पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं.

इंजिन धडधडलं तसा मी ओरडलो, "चला, चुलबंद नदीवर!"

मामांनी किल्ली खिशात टाकली. "थांब पोट्ट्या! जोर वाढला, वजन वाढलं. ब्रेक मात्र जुनेच. आधी ते."

मी आठ दिवस फुगून बसलो. ब्रेक नवे झाले, तेव्हा कुठे निघालो. उतारावर धानाच्या बांधीतून एक म्हैस अचानक आडवी आली. जीप तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. म्हशीनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही! मामाही काही बोलले नाहीत. माझे पाय मात्र लटलटत होते.

आता सांगा, तुमची सायकल जोरात पळवायची असेल, तर आधी काय तपासाल?