विजेच्या वाटेवरील पडदा

इतिहासाच्या शिक्षकाने बॅटरीवर लिहावे, हे स्मरणिकेच्या वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु आम्हां पंचवटीकरांना हा विषय दूरचा राहिलेला नाही. एप्रिल 2022 मध्ये याच नाशकात कंटेनरमध्ये भरलेल्या 40 विद्युत स्कूटरपैकी 20 जळाल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पण बॅटरी पेटते कशी, हा प्रश्न मुलांनी आम्हांला कितीतरी दिवस विचारला.

उत्तर दिले ते आमच्याच वसतिगृहात वाढलेल्या आणि आता भौतिकशास्त्रात संशोधन करणाऱ्या एका मुलीने. लिथियम बॅटरीच्या दोन अग्रांमधील द्रव ज्वलनशील असतो. त्याच्या जागी बहुवारिकाची, म्हणजे पॉलिमरची, घन पातळ फीत घालावी, असा प्रयत्न गेली अनेक दशके चालू आहे. 1973 साली इंग्लंडमधील शेफील्ड येथे पीटर राइट आणि सहकाऱ्यांना पॉलिएथिलीन ऑक्साइडमध्ये क्षार मिसळल्यास त्यातून आयन वाहतात, असे आढळले. फ्रान्सच्या मिशेल आर्मां यांनी पुढे त्याचा बॅटरीसाठी उपयोग सुचविला. अडचण अशी, की नेहमीच्या तापमानाला या पदार्थाच्या साखळ्या स्फटिकरूपात घट्ट बसतात आणि आयनांची वाट अडते. साधारण 60 अंश सेल्सिअसच्या वर त्या सैल होतात. पण मोबाइल तापवून कोण वापरणार? 1998 मध्ये रोमच्या ब्रुनो स्क्रोसाती यांच्या गटाने दाखविले, की टिटॅनियम डायऑक्साइड किंवा ॲल्युमिना यांची अतिसूक्ष्म पूड वजनाने सुमारे 10 टक्के मिसळली, तर साखळ्या पुन्हा तशा घट्ट बसत नाहीत. हाच संमिश्र बहुवारिक इलेक्ट्रोलाइट. ती पूड स्वतः आयन वाहून नेत नाही. केवळ जुनी रचना जमू देत नाही. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दारी काय घडले, हे शिकविणाऱ्यास ही गोष्ट समजावयास वेळ लागला नाही.

या मुलीची आई पंचवटीच्या बाजार समितीत भाजी निवडते. अधिछात्रवृत्ती कित्येक महिने आलेली नाही. लिथियमचे क्षार हवेतील ओल शोषतात, त्यामुळे पावसाळ्यात फीत बिघडते. कोरड्या बंद पेटीत काम करावे, तर ती पेटी दुसऱ्या संस्थेत, आणि तेथे पाळी लागते. मागील महिन्यात ती म्हणाली, “सर, अंबडला कारखान्यात नोकरी मिळते आहे. घेऊ का?”

नको, असे आम्ही सहज म्हणू शकलो नाही. घरी भाकरी लागते. एवढेच सांगितले, की 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना देशाच्या विद्युतधोरणाचे कामही त्यांच्याच खात्याकडे होते, आणि स्वस्त व मुबलक विजेविना उद्योग नाहीत, ही त्यांची भूमिका होती. ती ऐकून घेऊन गेली.

आठवड्याने तिने नोकरीस नकार कळविला. तिच्या खोलीचे जूनपर्यंतचे भाडे आम्ही चौघा शिक्षकांनी वाटून घेतले आहे. पाऊस लागण्यापूर्वी निदान तीन नमुने मोजून व्हावेत, असे ती म्हणते.