ॲव्हरेजचा हिशेब आणि घरातली पहिली मोटार

मोटार घ्यायची म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो 'ॲव्हरेज किती देते?' हा. रंग, गाद्या, गाण्यांचा सरंजाम हे सगळे नंतर. आमच्या घरात चारचाकी यावी असे २०२५ च्या उन्हाळ्यात ठरले, तेव्हापासून दिवाळीपर्यंत हा एकच प्रश्न आम्ही शंभर जणांना विचारला असेल आणि शंभर उत्तरे ऐकली असतील. आम्ही बी. कॉम. झालेले, नोकरी कारकुनाची. तेव्हा ऐकीव आकड्यांवर विसंबण्यापेक्षा वही घालून बसावे असे ठरवले. वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या हाच विषय निघणार आहे, म्हणून ती वही इथे उघडतो.

गाडी हवी होती ती मिरवायला नव्हे. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, स्कूटरवर तिला बसवत नाही. लेक पुण्याला शिकायला. शिवाय वस्तीतले आणि खेड्यापाड्यांतले काम आहेच. शिष्यवृत्तीचे अर्ज पोहोचवा, व्याख्यात्यांना स्टेशनवरून आणा, रात्री-अपरात्री कुणाला सिव्हिल हॉस्पिटलला न्या. दर वेळी कुणाची तरी गाडी मागायची, तिच्यात डिझेल घालायचे आणि वर उपकार ठेवून घ्यायचे.

शोरूममध्ये गेलो तर तिथल्या पोराने थेट हायब्रिडपाशी नेले. "सर, सत्तावीसचं ॲव्हरेज आहे," म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. मारुतीची ग्रँड व्हिटारा २०२२ साली आली, तिच्या स्ट्राँग हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर असा आहे. टोयोटाच्या हायरायडरचाही तोच. गाडी सुंदर. सुरू केली तर आवाजच नाही! आमच्या मुलीने तर तिथेच मनोमन पसंती दिली. तिचे म्हणणे धुराचे होते. "पप्पा, कमी पेट्रोल म्हणजे कमी धूर. तुम्ही सगळीकडे भाषणं देता, मग घरात का नाही?" प्रश्न बिनतोड होता.

मेहुण्यांचे म्हणणे वेगळे. "दाजी, घ्यायची तर मोठीच घ्या की. आपल्या माणसानं किती दिवस बारकंच घ्यायचं?" हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखे नाही. टांग्यात बसू न देणाऱ्यांच्या कथा आपल्या घराघरांत सांगितल्या जातात. गिरणीत सायकलवर गेलेल्या बापाच्या मुलाने दारात मोठी गाडी उभी करावी, या इच्छेत नुसता डामडौल नसतो. आम्हालाही ती इच्छा झाली. म्हणूनच वही लागली.

आधी तो सत्तावीसचा आकडा कुठून येतो ते पाहू. पुण्याला एआरएआय ही संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिथे गाडी रस्त्यावर पळवीत नाहीत. चाके रोलरवर ठेवून ठरलेल्या वेगाने सुमारे वीस मिनिटे चालवतात, वेग ताशी ९० च्या वर जात नाही. त्यात एसी नसतो, चार माणसांचे ओझे नसते, मोहोळच्या पुढचा समोरून येणारा वारा नसतो. सगळ्या गाड्यांना एकच कसोटी म्हणून तो आकडा तुलनेला बरा, पण मे महिन्यातल्या सोलापूरला तो लागू करू नये. इथे एसीशिवाय आईला घेऊन बाहेर पडणे म्हणजे तिला आजारी पाडणे. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे ते असले तरी लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरतेच. म्हणून आम्ही कंपनीचे आकडे बाजूला ठेवून, गाडी वापरणाऱ्या ओळखीच्या लोकांचे घेतले. हायब्रिडला २२, त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल प्रकाराला १४ आणि एक लिटर इंजिनाच्या लहान गाडीला २०.

आता आमचे चालणे किती? महिन्यातून दोन रविवार बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट अशा बाजूला. गावातल्या गावात जुळे सोलापूर ते स्टेशन. आणि वर्षाकाठी सहा वेळा पुणे, जाऊन-येऊन पाचशे. सगळे धरून आठ हजार किलोमीटर होतात. पेट्रोल १०४ रुपये धरले. मोठ्या गाडीचा साधा प्रकार घेतला तर वर्षाला ५९ हजार चारशे, हायब्रिड घेतली तर ३७ हजार आठशे. वाचले साडेएकवीस हजार. पण तेवढ्यासाठी किंमत तीन लाखांच्या आसपास जास्त. म्हणजे ते पैसे फिटायला चौदा वर्षे! वर्षाला चाळीस हजार किलोमीटर पळणाऱ्याला हेच पैसे तीन वर्षांच्या आत फिटतात. फिरतीच्या नोकरीवाल्याने हायब्रिड जरूर बघावी.

दुसरे म्हणजे ती बचत होते कशात, हे समजून घेतले पाहिजे. हायब्रिडमध्ये पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्ही असतात. ब्रेक मारला की एरवी जी ताकद उष्णता होऊन वाया जाते, तिच्यातली काही वीज होऊन बॅटरीत परत जाते. सिग्नलला, गर्दीत, कमी वेगात गाडी त्या विजेवर सरकते. बाहेरून चार्ज करावे लागत नाही. टोयोटाने १९९७ साली जपानमध्ये प्रियस काढली तेव्हापासून ही युक्ती चालत आली आहे. पण तिचा खरा फायदा पुण्यासारख्या तुंबलेल्या शहरात. आमचे निम्म्याहून जास्त चालणे हमरस्त्यावर, ऐंशी-नव्वदच्या एकसारख्या वेगाने. तिथे ब्रेकच कमी, मग परत काय मिळणार?

आणि लहान गाडी? आठ हजार किलोमीटरला ४०० लिटर, म्हणजे ४१ हजार सहाशे रुपये. हायब्रिडपेक्षा वर्षाला ३८०० जास्त, बस्स. हे गणित मुलीपुढे ठेवले तेव्हा ती गप्प झाली आणि मग तिनेच कारण शोधले. हायब्रिडचे वजन साडेबाराशे किलोच्या पुढे, वॅगन-आरचे सव्वाआठशेच्या आसपास. चारशे किलो ओझे वाहायचेच नाही, हीसुद्धा इंधनाची बचतच. धुराचे म्हणाल तर एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. दोन गाड्यांतला फरक वर्षाला ३६ लिटरचा, म्हणजे ८० किलोंच्या थोडा वर. पुण्याच्या दोन खेपा एसटीने केल्या तर तो भरून निघतो, हेही तिनेच सांगितले.

कर्जाचे पान मात्र आम्ही एकट्याने रात्री मांडले. मोठ्या गाडीला सोळा लाख कर्ज, नऊ टक्के, सात वर्षे. हप्ता २५ हजार ७०० च्या पुढे आणि नुसते व्याज साडेपाच लाखांवर. लहान गाडीला चार लाख, पाच वर्षे, हप्ता ८३०० रुपये. महिन्याला जो सतरा हजारांचा फरक पडतो, त्यात लेकीचे वसतिगृह, खानावळ आणि फीचा मोठा भाग निघतो. तिला अजून तीन वर्षे आहेत. हा आकडा मेहुण्यांना दाखवला. ते म्हणाले, "मग राहू द्या. पोरगी शिकली की ती घेईल मोठी."

सरकारचा करही विचारात घ्यावा लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोठी हायब्रिड मात्र ४० टक्क्यांत, विजेची गाडी ५ टक्क्यांत. इंधन वाचवणाऱ्या गाडीवर चाळीस टक्के का, हे आम्हाला तरी पटलेले नाही. विजेच्या गाडीचा विचार आम्ही केला आणि सोडला. दुसऱ्या मजल्यावर भाड्याचे घर, खाली स्वतःचे मीटर नाही; वायर सोडायची कुठून?

सीएनजीने मात्र बरेच दिवस घोळवले. वॅगन-आर सीएनजीचा प्रमाणित आकडा किलोला ३४.०५. आम्ही २६ धरला आणि गॅस ९० रुपये, तरी वर्षाला १४ हजार वाचत होते. पण टाकीने डिकी खाल्ली. आमच्या डिकीत पुस्तकांचे गठ्ठे, कापडी फलक, लाऊडस्पीकरचा डबा, कधी पेशंटचे अंथरूण. दोन लहान टाक्या खाली बसवून डिकी मोकळी ठेवणाऱ्या टाटाच्या गाड्या आहेत, त्या पाहिल्या. पण पंपावरच्या रांगेत पेशंट घेऊन उभे राहणे आम्हाला जमणारे नव्हते. ज्याचे रोजचे चालणे ठरलेले आहे आणि रस्त्यात पंप आहे, त्याला सीएनजीसारखी स्वस्त गाडी नाही, हे मान्य.

शेवटचा निकाल घरातल्या दोन बायकांनी दिला. मुलीच्या आईने मे महिन्यात ड्रायव्हिंग शिकून घेतले होते. तिने टेप घेऊन आमची गल्ली मोजली. मोठी गाडी १७९५ मिलिमीटर रुंद, वॅगन-आर १६२०. "नळावर बायका असतात तेव्हा मोठी वळवायची कुणी?" आणि आई? शोरूममध्ये ती तीन गाड्यांत बसली. एकीत खाली वाकावे लागले, एकीत पाय उचलून चढावे लागले, वॅगन-आरमध्ये खुर्चीवर बसावे तशी बसली आणि तिथून उठेनाच.

दिवाळीनंतर पासिंग होऊन एमएच-तेराची पाटी लागली. साधी पेट्रोल, हाताने गिअर टाकायची. टाकी फुल करून, पुन्हा फुल करून ॲव्हरेज मोजतो आहोत. पुण्याच्या पहिल्या खेपेला एसी लावून २१.४, गावातल्या गावात १६.८. सतराच्या खालचा आकडा पाहून मुलीने भुवई उंचावली. आता वही तिच्याकडे आहे. पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंतचे आकडे तीच भरणार आहे, आणि डाव्या हवेच्या नळीसाठी पंपावर थांबायला आम्हाला तिनेच शिकवले. चाकांत हवा कमी असली की पेट्रोल जास्त जाते म्हणते.