कोयत्याची नोंद

१७ नोव्हेंबर १९९८ रोजी भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा रोजगार धोरण करार, क्रमांक १२२, मान्य केला. करार मूळ १९६४ चा. रोजगार पूर्ण असावा, उत्पादक असावा आणि माणसाने स्वेच्छेने निवडलेला असावा, ही उद्दिष्टं धरून देशाने धोरण आखावं, हा त्याचा गाभा. श्रमकायद्याचा अभ्यास करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि आजही हा करार वाचायला घेतला की परभणी जिल्ह्यातला सोनपेठ तालुका डोळ्यांपुढे येतो.

तालुक्याच्या हद्दीत साखर कारखाना आहे, गोदाकाठाला ऊसही उभा असतो. तरी दसरा उलटला की वाड्या-तांडे रिकामे व्हायला लागतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाने उचल पावसाळ्यातच दिलेली असते, आणि ती लग्नात, दवाखान्यात, बी-बियाण्यात संपलेलीही असते. मग पहाटे फडात उतरायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या आणि टनावारी उचल फेडायची. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. बाई आजारी पडून कोयता बसला तर खाडा, आणि खाड्याचे पैसे पुन्हा उचलीत चढतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फिटलं नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर आणि मुकादमही तोच.

सरकारी मोजणीत हे जोडपं बेरोजगार नाही. श्रमबल सर्वेक्षणाने २०२३-२४ साली देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के दाखवला. त्या मोजणीत वर्षातले ३० दिवस दुय्यम काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो, मग सहा महिने फडात राबणाऱ्यांचा प्रश्नच मिटला. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण उचल, खाडा, बाकी यांना त्या दरात जागा नाही, आणि करारातलं ‘स्वेच्छेने’ नेमकं तिथे अडतं.

या अडलेल्या जागेवर बोट ठेवण्याचं काम श्रम संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयात होतं. करार १२२ मान्य केलेल्या देशाने साधारण दर तीन वर्षांनी अहवाल द्यायचा. १९२६ पासून चालत आलेली तज्ज्ञ समिती तो वाचते. २० सदस्य, सगळे कायद्याचे जाणकार. शंका असेल तर सरकारला थेट विचारणा करते. बाब गंभीर असेल तर निरीक्षण नोंदवते, आणि ते समितीच्या छापील अहवालात येतं. त्यातल्या निवडक प्रकरणांवर संघटनेच्या जूनमधल्या वार्षिक परिषदेत सगळ्या देशांसमोर उत्तर द्यावं लागतं. दंड नाही, जप्ती नाही. म्हणून अनेकजण याला कागदी कारभार म्हणतात. मला ते पटत नाही. सरकारने सहीनिशी दिलेलं उत्तर तिथे दप्तरी राहतं आणि पुढच्या वेळी त्याच्याच शेजारी ठेवून तपासलं जातं. आपल्या ग्रामीण रोजगार हमीबद्दल समितीने अशीच विचारणा केलेली आहे.

बाहेरच्यांनी आपल्याला का विचारावं, असाही एक सूर असतो. पण ते बाहेरचे नाहीत. या संघटनेच्या पहिल्याच परिषदेला, १९१९ साली वॉशिंग्टनला, भारतीय कामगारांच्या वतीने ना. म. जोशी बसले होते. आणि वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेला रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्येच केला, म्हणजे करार मान्य होण्याच्या २१ वर्षं आधी. गावात काम मिळण्याची खात्री असली तरच मुकादमाला नाही म्हणता येतं. रोहयोकडे मी या नजरेने पाहतो. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केंद्राच्या जुन्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा मंजूर केला. त्यात १०० चे १२५ दिवस झाले, पण पेरणी-काढणीच्या हंगामात एकूण ६० दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूदही आली. सोनपेठपुरता माझा प्रश्न एकच आहे: दिवाळी ते अक्षय्य तृतीया या काळात गावात काम निघणार का?

कराराच्या तिसऱ्या कलमाकडे तर आपलं फारच दुर्लक्ष झालं. धोरणाची झळ ज्यांना पोचणार त्यांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करा, असं ते सांगतं. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवण्याची रीत आपल्याकडे १९४२ सालची, डॉ. आंबेडकर श्रम खातं पाहत होते तेव्हाची. त्याच परंपरेतली ४६ वी भारतीय श्रम परिषद जुलै २०१५ मध्ये झाली, आणि पुढची दहा वर्षं परिषद भरलीच नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्राच्या नव्या श्रम धोरणाचा, ‘श्रमशक्ती नीती’चा, मसुदा आला. सूचनांना मुदत २७ ऑक्टोबरपर्यंत, मधे दिवाळी. कोयत्याची निघायची लगबग नेमकी याच दिवसांत असते. ट्रॉलीत भांडी-कुंडी, सरपण आणि लेकरं चढवणाऱ्या बाईने सूचना कधी पाठवायची? याचा मला संताप येतो.

संघटनेच्या घटनेतलं २३ वं कलम मात्र कामाचं आहे. सरकारने आपल्या अहवालाची प्रत प्रातिनिधिक कामगार संघटनांना द्यायची असते, आणि कामगार संघटनांना आपलं म्हणणं जिनिव्हाला स्वतंत्रपणे कळवता येतं. अहवालाच्या वर्षी ते १ सप्टेंबरपर्यंत पोचावं लागतं. तेव्हा कोयता गावातच असतो, उचलीचे बाँडही त्याच दिवसांत होतात. ऊसतोड संघटनांनी गावोगाव बसून उचल किती, खाडे किती, बाकी किती हंगाम रेंगाळली, ग्रामपंचायतीत काम मागितलं त्याची पोच मिळाली का, एवढं लिहून काढावं आणि केंद्रीय कामगार संघटनेच्या हातून पाठवावं. मसुदा करायला आणि तो इंग्रजीत उतरवायला मी येईन. श्रावणात बैठक लावा.