बारालाचाच्या चढावर गाडीला धाप लागते तेव्हा

मनालीहून लेहला निघालेल्या प्रवाशाला पूर्वी रोहतांगचा घाट ओलांडूनच लाहौलच्या खोऱ्यात उतरावे लागे. ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला आणि तो चढ टळला. बोगद्यापलीकडे मनालीची गर्द झाडी मागे पडते. समोर चंद्रा नदी, वाटाण्या-बटाट्याची शेते आणि त्यांच्यावर उभे उघडेबोडके कडे. तांदीला चंद्रा आणि भागा यांचा संगम होतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची तिथल्या पेट्रोल पंपाची पाटी या रस्त्यावर प्रसिद्धच आहे.

केलाँग, जिस्पा ही गावे मागे टाकून रस्ता भागा नदीच्या काठाने चढू लागतो. दीपकताल, मग निळेशार सूरजताल आणि त्याच्या वर ४,८९० मीटर उंचीची बारालाचा खिंड. दृश्य असे की नजर हटू नये. पण नेमके इथेच गाडी चालवणाऱ्याचे लक्ष दृश्यावरून उडते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी वेग घेत नाही. मागे आजी-आजोबा, मुले. बाहेर बोचरा वारा. आणि मुक्कामाचे सरचू अजून दूर.

दोष की उंची?

घाबरण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. पेट्रोल असो वा डिझेल, इंजिनाला इंधनाइतकीच हवा लागते. पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे साठ टक्केच उरते. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे मुंबईत झपाट्याने पळणारी गाडी बारालाचावर जवळजवळ अर्ध्या बळाने चढत असते. टर्बो असलेल्या गाड्यांना हा त्रास कमी जाणवतो, कारण टर्बो विरळ हवा दाबून इंजिनात भरतो.

उंचीमुळे आलेला अशक्तपणा ओळखणे सोपे आहे. तो हळूहळू, चढाबरोबर वाढतो. गाडी हिसके देत नाही, वास येत नाही, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागत नाही. अशा वेळी एसी बंद करावा, पहिला किंवा दुसरा गिअर वेळेवर टाकावा आणि इंजिनाचे फेरे पडू देऊ नयेत. उतार लागला की गाडी आपोआप पूर्ववत होते.

पाच मिनिटांची तपासणी

ताकद अचानक गेली असेल, तर मात्र रुंद, सपाट जागी थांबून क्रमाने पाहावे. सुरुवात बिनखर्चाच्या गोष्टींपासून. हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का? पायाखालची चटई सरकून पेडलखाली अडकली आहे का? टायरमध्ये हवा पुरेशी आहे का? चाकांजवळ, स्पर्श न करता, हात धरावा. एकच चाक इतरांपेक्षा फार तापले असेल, तर तिथला ब्रेक चिकटून बसला आहे.

इंजिन जोरात ओरडते, पण गाडी पुढे सरकत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच घसरतो आहे. वळणावळणावर अर्धा क्लच दाबून धरण्याच्या सवयीचे हे फळ. थोडा वेळ थांबून क्लच गार होऊ द्यावा. पुन्हा तेच झाले, तर प्लेट संपत आली असे समजावे. त्यावर रस्त्यात उपाय नाही.

सपाटीवर ठीक चालणारी गाडी चढावर हिसके देत असेल, तर इंधन अपुरे पोहोचत असण्याची शक्यता मोठी. फिल्टर तुंबणे, कॅनमधून भरलेल्या इंधनात कचरा किंवा पाणी असणे ही नेहमीची कारणे. डिझेल गाडीच्या फिल्टरखाली साचलेले पाणी काढण्याची सोय बहुधा असते. धुळीने भरलेला एअर फिल्टर बाहेर काढून हलकेच आपटला, तरी फरक पडतो. कागदी फिल्टर धुऊ मात्र नये.

जुन्या कार्बुरेटरच्या गाड्या विरळ हवेत काळा धूर सोडतात, कारण हवा घटली तरी पेट्रोल तितकेच येत राहते. जाणकार मिस्त्री स्क्रू फिरवून पेट्रोलचे प्रमाण कमी करतात. खाली उतरल्यावर तो पूर्ववत करायला विसरू नये, नाही तर इंजिन तापते. नव्या गाड्यांत हे काम सेन्सर करतात. इंजिनाचा दिवा लुकलुकू लागला, तर गाडी दामटू नये.

पुढे जावे की मागे फिरावे?

बारालाचा हा शेवटचा चढ नव्हे. सरचूनंतर गाटा लूप्सची २१ वळणे, लाचुंग ला, मोरेचे विस्तीर्ण पठार आणि ५,३२८ मीटर उंचीचा तांगलांग ला अजून बाकी असतो. क्लच किंवा इंधनाचा दोष सुटला नसेल, तर केलाँग किंवा मनालीकडे परतणे शहाणपणाचे. तंबूंच्या वस्तीत जेवण-अंथरूण मिळते, पण हवा तो सुटा भाग मिळेलच असे नाही.

खरा धोका गाडीला नसून माणसांना असतो. बंद गाडीत इतक्या उंचीवर रात्र काढावी लागली, तर डोकेदुखी, उलट्या आणि धाप यांनी प्रकृती झपाट्याने बिघडू शकते. म्हणून जिस्पा किंवा केलाँगला एक मुक्काम करावा आणि पहाटेच निघावे. दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात. सकाळी घोटाभर असलेले पाणी तेव्हा बंपरपर्यंत येते.

निघण्यापूर्वी मनालीच्या गॅरेजमध्ये क्लच, एअर फिल्टर आणि इंधनाचा फिल्टर तपासून घेतला आणि टपावरचे ओझे कमी केले, तर सूरजतालाचे निळे पाणी गाडी चालवणाऱ्यालाही निवांत पाहता येते.