न्यूट्रलमधली गाडी

बंद पडलेली गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की ती मोकळी झाली, आता टोचन लावा आणि कुठेही न्या, अशी समजूत बडोद्यातल्या मुरलेल्या ड्रायव्हरांचीही असते. जुन्या स्पोर्ट्‌स कार एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं हेच माझं काम, त्यामुळे या समजुतीशी माझा कायमचा वाद आहे. गाडी न्यूट्रलमध्ये असली तरी तिच्या पोटात बरंच काही फिरत असतं, आणि नेमकं काय फिरतंय हे ज्याला माहीत नाही त्याने दोराला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एमजी टीडी घ्या. 1950 ते 1953 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली ही दोन माणसांची उघडी गाडी. 1250 सीसीचं इंजिन, हाताने टाकायचे चार गिअर, जोर मागच्या चाकांना. इंजिन बंद आहे आणि पुढून कुणीतरी ओढतंय. मागची चाकं फिरतात, त्यांच्याबरोबर डिफरन्शियल फिरतो, तो प्रोपेलर शाफ्ट फिरवतो आणि प्रोपेलर शाफ्ट गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टला फिरवतो. इथवर सगळं जोरात चाललेलं असतं. पण तेल उडवून वरपर्यंत पोहोचवण्याचं काम खालच्या काउंटर शाफ्टचं, आणि त्याला फिरवणार इंजिन. ते तर थंड पडलंय. मग मेन शाफ्ट थांबलेल्या गिअरांच्या आत जवळजवळ कोरडाच घासत राहतो. इनपुट शाफ्टच्या टोकात एक छोटं बेअरिंग असतं. टॉप गिअरमध्ये त्याच्या दोन्ही बाजू एकत्र फिरतात, म्हणून एरवी त्याच्यावर फारसा भार नसतो. ओढताना मात्र एक बाजू गरगरते आणि दुसरी जागची हलत नाही. याचा ना आवाज होतो, ना धूर येतो. पुढे केव्हातरी इंजिन दुरुस्त होऊन गाडी रस्त्यावर येते, गिअरबॉक्स रडायला लागतो, आणि कारण कुणालाच आठवत नाही.

रावपुऱ्यातल्या एखाद्या गल्लीतून कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंत हळूहळू ओढली तर काही बिघडत नाही. दांडिया बाजारातून थेट मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत न्यायची असेल, तर ती चारही चाकांवर मी नेत नाही. काही जण सुचवतात, टॉप गिअर टाका आणि क्लच दाबून धरा, म्हणजे आतलं सगळं फिरेल आणि तेल उडेल. बोलणं खोटं नाही, तेल उडतंच. पण त्या काळच्या इंग्लिश गाड्यांत क्लचचं रिलीज बेअरिंग कार्बनच्या कड्याचं असे. गिअर बदलण्यापुरता क्षणभर दाब सोसायला ते केलेलं. वाटभर दाबून धरलं तर झिजून संपतं. शिवाय पाय घसरला की बंद इंजिन एकदम चाकांना जखडतं आणि दोराला जो हिसका बसतो तो चासीपर्यंत जातो.

गाडी पाठीवर घेऊन जाणारा फ्लॅटबेड ट्रक मिळणारच नसेल तर उपाय एकच, प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा. गाडीखाली पाठीवर सरपटत जायचं, डिफरन्शियलच्या तोंडाशी फ्लँज चाचपायचा. सत्तर वर्षांची माती आणि ग्रीस पत्र्याच्या तुकड्याने खरवडलं की चार बोल्ट दिसतात. पाना लावण्याआधी दोन्ही फ्लँजांवर आडवी एक पांढरी रेघ मारायची, कारण शाफ्ट परत बसवताना ती रेघ जुळली नाही तर गाडी वेगात थरथरते. बोल्ट सुटले की शाफ्ट एका हातावर तोलून खाली घ्यायचा. पुढचं टोकही सोडवून अख्खा शाफ्ट गोणपाटात बांधायचा, आणि बोल्ट त्याच गोणपाटात, वेगळ्या पुडीत. आता चाकं फिरली तरी डिफरन्शियलपुरतीच, आणि त्याला त्याचं तेल मिळत असतं. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना हे काम कंटाळवाणं वाटतं, पण गाडीची अंगरचना याच कामातून कळते.

ओढताना खरी जबाबदारी मागच्या गाडीत बसलेल्या माणसाची असते. लोक पुढच्या ड्रायव्हरला सूचना देत बसतात आणि मागे स्टिअरिंग धरायला घरातला एखादा पोरगा बसवतात. कायद्यालाही ते मान्य नाही. पुढची चाकं उचललेली नसतील तर ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन असलेला माणूस हवा, दोन गाड्यांतलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको आणि दोर इतरांना दिसायला हवा. मी दोराच्या मध्यावर लाल कापड बांधतो आणि मागे "ऑन टो"ची पाटी लावतो, कारण बॅटरी बहुधा बसलेलीच असते आणि मागचे दिवे लागत नाहीत.

पाच मीटरमध्ये चूक सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून ब्रेक मागच्याने मारायचा, आणि पुढच्याच्या आधी. पुढे जांबुवा पुलाजवळ ट्रकांची रांग दिसली की मागच्याने पाय हलकेच टेकवायचा, दोर ताठ राहील इतकाच. पुढची गाडी त्या ताणानेच मंदावते. दोर एकदा लोंबला, चाकाखाली गेला किंवा पुन्हा झटक्याने ताणला गेला की हूक तुटतो, नाहीतर बंपर हातात येतो. बंपरला दोर बांधणाऱ्याशी मी बोलतच नाही. दोर चासीलाच बांधायचा, आणि तोही हाताने चाचपून, जिथे लोखंड शाबूत आहे तिथे.

नव्या गाडीच्या मानाने एका बाबतीत टीडी सोपी. हालोलला, बडोद्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, आज एमजीच्याच नावाचा कारखाना आहे. 2019 पासून तिथून हेक्टर ही गाडी बाहेर पडते. तिचं इंजिन बंद झालं की ब्रेकचा सर्व्हो आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात, पेडल दगडासारखं लागतं, आणि सवय नसलेला माणूस घाबरतो. टीडीला सर्व्होही नव्हता आणि पॉवर स्टिअरिंगही. इंजिन चालू असताना ती जशी वळते आणि थांबते, तशीच बंद असतानाही. ड्रममधले ब्रेक शू आधी मोकळे आहेत ना, एवढं मात्र चाक उचलून, हाताने फिरवून बघावं लागतं.

तरीही माझा कौल फ्लॅटबेडलाच. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात 21 गन सॅल्यूटचा जुन्या गाड्यांचा सोहळा भरला, तेव्हा बडोद्याने अशा गाड्या डोळे भरून पाहिल्या. मी मात्र असा सोहळा म्हटलं की गाड्या चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांकडेच बघतो. स्पोर्ट्‌स कारचं पोट जमिनीलगत असतं. रॅम्पचा चढ थोडा जास्त झाला की सायलेन्सर घासतो, म्हणून रॅम्पपुढे जाड फळ्या टाकून चढ लांबवायचा. विंचच्या वायररोपवर ओलं गोणपाट टाकायचं, तुटलाच तर तो उसळू नये म्हणून, आणि त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. विंचवाल्याला मी गुजरातीतून "धीमे, धीमे" म्हणत राहतो आणि एक माणूस मागच्या चाकाबरोबर लाकडी ठोकळा सरकवत चालतो. पट्टे टायरवरून घ्यायचे, तारेच्या स्पोकांतून कधीच नाही. पट्टे आवळून होईपर्यंत गाडी गिअरमध्ये. नंतर न्यूट्रल, कारण वाटेतल्या खड्ड्यांचे धक्के गिअरच्या दातांवर कशाला? हे सगळ्यांना पटत नाही. मला पटतं. गाडीवर कव्हर घालून हायवेला निघणाऱ्यांना मात्र मी थांबवतोच. फडफडणारं कापड भरूचपर्यंत जाता जाता रंग खरवडून काढतं.

ऑगस्ट 2024 च्या पुरात बडोद्यातली विश्वामित्री नदी 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांपर्यंत चढली. समा, अकोटा, फतेगंज इथल्या बंगल्यांत पाणी घुसलं. पाणी ओसरल्यावर नदीतून वस्तीत आलेल्या मगरी पकडण्याचं काम चाललं होतं, आणि इकडे प्रत्येकाला आपली गाडी आजच्या आज गॅरेजला न्यायची होती. "भाऊ, नुसतं टोचन लावा, बाकी मिस्त्री बघेल," असे फोन येत होते. मी हात जोडून सांगत होतो, चाक एक फेराही फिरवू नका.

त्याचं कारण गिअरबॉक्समध्ये आहे. ब्रीदरमधून पाणी आत शिरतं आणि तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं. चाकं फिरली नसतील तर ते तसंच वेगळं राहतं. खालचा प्लग सैल केला की आधी गढूळ पाण्याची धार येते, मग धार दाट होते, काळी होते आणि तेल येऊ लागतं. ओढत आणलेल्या गाडीतून मात्र दुधाळ चहासारखं काहीतरी येतं. ते बेअरिंगांच्या फटीफटीत गेलेलं असतं आणि गंज तिथूनच धरतो. म्हणून पुरातल्या गाडीच्या चारही चाकांखाली छोट्या ट्रॉल्या सरकवायच्या, ती तशीच लोटत फ्लॅटबेडपर्यंत आणायची आणि गॅरेजमध्ये उतरवल्यावर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल दोन्हींचे प्लग उघडायचे. स्वस्त तेल भरायचं, मागचं चाक उचलून गिअरमध्ये हाताने सावकाश फिरवायचं, मात्र स्पार्क प्लग आधी काढून, म्हणजे सिलिंडरमधलं पाणीही बाहेर पडेल. तेल काढायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा काढायचं, धार स्वच्छ येईपर्यंत. स्टार्टरला हात त्यानंतर.