रोपांचा मधला मुक्काम

टोमॅटोच्या लागवडीविषयी बोलताना लोक एक तर बियाण्याविषयी बोलतात, नाही तर फळाविषयी. या दोहोंच्या मधला जो महिना-सव्वा महिन्याचा काळ असतो, ज्यात रोप धड वाफ्याचे नसते आणि धड वाडीचेही नसते, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. आमच्या मते मात्र पिकाचे निम्मे भवितव्य त्याच काळात ठरून जाते.

यंदा तो काळ आमच्या घरी विशेष जपून काढावा लागला. पेरलेले बी आमच्या आत्याच्या वाडीतले होते. चपटे, खाचा असलेले, आंबट फळ. दिसायला सामान्य, परंतु सुक्या बोंबलाच्या कालवणात त्याची सर दुसऱ्याला येत नसे. आत्या तीन वर्षांपूर्वी निवर्तली. तिच्या वाडीतले बावखल बुजविले गेले आणि आता तेथे चार मजली इमारत उभी आहे. राखेत ठेवलेली बियांची एक बाटली तेवढी आमच्याकडे राहिली. टोमॅटोचे बी कोरडे राखल्यास चार-पाच वर्षे उगवते. पुढे त्याचा भरवसा नाही. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही ९० बिया पेरल्या, त्यांपैकी ५२ उगवल्या.

आता पुष्कळ शेतकरी रोपवाटिकेतून तयार रोपे आणतात. नारळाच्या भुशाने भरलेल्या ट्रेमधली ती रोपे एकसारखी, सुदृढ असतात आणि त्यांना नावे ठेवण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. पण तेथे मिळते ते संकरित वाण. त्याच्या फळातले बी धरून पुढल्या वर्षी पेरले तर तेच फळ मिळेल असे नाही. आत्याचे वाण कोणत्याही रोपवाटिकेत नव्हते. तेव्हा सारे हातांनीच करणे आले.

उगवताना प्रथम दिसतात ती दोन लांबट, गुळगुळीत बीजपत्रे. त्यानंतर कातरलेली, टोमॅटोचा तो उग्र वास असलेली खरी पाने येतात. अशी दोन पाने आली की रोप वाफ्यातून हलवावे. धरताना पानाला धरावे, देठाला कदापि नाही. एखादे पान गेले तर दुसरे येते, चिरडलेला देठ मात्र पुन्हा उभा राहत नाही. आमच्या लहानपणी केळीच्या सोपटाचे द्रोण करून त्यांत रोपे लावीत असत. यंदा आम्ही दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना तळाशी भोके पाडली आणि चाळलेली माती, मुरलेले शेणखत व थोडी जाड रेती यांचे मिश्रण भरले. रोप आधी होते त्याहून खोल, थेट बीजपत्रांपर्यंत पुरले. मिरचीच्या बाबतीत आम्ही इतके धाडस करीत नाही; टोमॅटोच्या देठाला मात्र मातीखाली गेल्यावर नवी मुळे फुटतात. हलविताना सोटमूळ तुटले तरी बाजूची मुळे अधिक दाट होतात. दोन दिवस रोपे मान टाकून असतात. त्यांना सावलीत ठेवावे आणि धीर धरावा.

त्यानंतरची भीती पाण्याची. परतीचा पाऊस वसईला ऑक्टोबरातही गाठतो, आणि ओल साचली की बुरशीने रोपाचा देठ जमिनीलगत बारीक होऊन ते आडवे होते. आमची पाच रोपे अशी गेली. उरलेली पडवीच्या कडेला, पागोळीपासून दूर नेली आणि पाणी वरून घालणे बंद केले. घमेल्यात दोन बोटे पाणी घेऊन पिशव्या त्यात काही वेळ ठेवायच्या, माती खालून ओली झाली की काढायच्या. तेही सकाळी, म्हणजे रात्री माती फार ओली राहत नाही.

पांढऱ्या माशीसाठी जाळी लावली. साधी मच्छरदाणी उपयोगी नाही, तिच्या छिद्रांतून ती माशी सुखाने आत येते. शेतीच्या दुकानातून बारीक विणीची नायलॉनची जाळी आणावी लागते. तरीही दोन रोपांची पाने वर वळून चुरडू लागली. आम्हा उभयतांचे येथे एकमत झाले नाही. एकाचे म्हणणे, ही रोपे वेगळी ठेवून पाहू. मोजकीच तर आहेत. दुसऱ्याचे म्हणणे, या विषाणूवर औषध नाही आणि माशीला वेगळे ठेवलेले कळत नाही. रात्र तशीच गेली. सकाळी दोन्ही रोपे उपटून, पिशवीत बांधून टाकून दिली. त्या दिवशी घरात फारसे कोणी बोलले नाही.

याच दिवसांत आमच्या शेजारच्या काकांना आम्ही रोपांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवावयास लावीत होतो. ते तंबाखू मळतात, आणि तंबाखूवरचा एक विषाणू बोटांवरून टोमॅटोला जडतो. काकांना हा आपल्या व्यसनावर आडून केलेला उपदेश वाटला. तसा तो थोडासा होताही.

शेवटचा आठवडा रोपे काटक करण्याचा. प्रथम तासभर कोवळे ऊन, मग दोन तास, शेवटी दिवसभर. पाणी हळूहळू कमी. गडद हिरवी, लुसलुशीत रोपे या दिवसांत किंचित फिकी पडतात, देठावर जांभळी झाक येते, आणि पाहुणे विचारतात, ‘रोपांना पाणी घालीत नाही का?’ पण देठ पेन्सिलीसारखा ताठ होतो. सावलीत वाढलेले रोप एकदम ऑक्टोबरच्या उन्हात नेले तर पाने भाजून पांढरी पडतात. मग त्याला सावरण्यातच पंधरा दिवस जातात.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ऊन उतरल्यावर लावणी केली. आदल्या संध्याकाळी पिशव्या भिजविल्या, म्हणजे माती मुळांपासून सुटत नाही. खालची दोन पाने खुडून रोप पुन्हा खोल लावले आणि प्रत्येकाजवळ आधाराची काठी त्याच वेळी रोवली, कारण मागाहून रोवलेली काठी मुळांतून जाते. ३८ रोपे लागली. सारे काही नीट चालले तर नाताळाच्या सुमारास फुले दिसतील.

सात रोपे पिशव्यांतच ठेवली आहेत. पहिल्या पंधरवड्यात एखादे रोप अळी देठाशी कुरतडते, एखादे उगीचच वाळते. त्या नांग्या भरावयास ती लागतील. आज सकाळी तिसऱ्या ओळीत एक जागा रिकामी दिसली.